अमेरिकेतून बडोद्याला कायमचं परतताना घरसामान जहाजाने आणावं की विकून यावं?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षं न्यू जर्सीत काढून आता दांडिया बाजारातल्या सासरच्या घरी परतायचंय, आणि सोफा, वॉशर-ड्रायर, ६५ इंची टीव्ही, मुलांची पुस्तकं, डिजिटल पियानो यातलं काय आणावं ते ठरत नाहीये. आम्हीही तिकडूनच आलो, घर रावपुऱ्यात. माझं मत विचाराल तर पुस्तकं आणि स्टीलची भांडी बिनधास्त आणा, सोफा तिथेच विका.

बहुतेक जण नेमकं उलटं करतात. दर खेपेला विमानाच्या बॅगा वजनकाट्यावर ठेवून ठेवून आपल्याला किलोत विचार करायची सवय लागलेली असते, म्हणून पुस्तकं वाटून टाकतात आणि 'हलका आहे की' म्हणून सोफा, रजया, मुलांची प्लॅस्टिकची खेळणी भरतात. जहाजावर घरसामानाचं भाडं जागेवर लागतं. मूव्हर्स 'सीबीएम' म्हणतात तो एक क्युबिक मीटर, म्हणजे सुमारे ३५ घनफूट. पुस्तकांचं लहान खोकं दीड घनफुटाचं असतं, तेव्हा एका सीबीएममध्ये वीस-बावीस खोकी आरामात बसतात. तिघांचा सोफा एकटाच दीड सीबीएमच्या वर जागा खातो. एका सोफ्याच्या भाड्यात मुलांची अख्खी लायब्ररी येते. (आणि पुस्तकं आणायला बडोद्यात कसला संकोच? सयाजीरावांनी १९१० साली मांडवीत सेंट्रल लायब्ररी उघडली ते हेच गाव.)

वॉशर-ड्रायरचं उत्तर एका ओळीचं आहे: विका. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं), इकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. 'ट्रान्सफॉर्मर लावू' असं सगळे म्हणतात, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. मायक्रोवेव्ह, फ्रिज, वॉशिंग मशीन यांना तो फरक सोसत नाही. भिंतीत प्लग लावायचं जुनं घड्याळ असेल तर ते इथे तासाला दहा मिनिटं मागे पडेल. मिक्सर आणि शिलाई मशीनच्या मोटरला मात्र हर्ट्झचं फारसं सोयरसुतक नसतं, पुरेशा वॉटचा ट्रान्सफॉर्मर असला की चालतात. तरी मिक्सरसाठी ओट्यावर ते जड धूड कोण ठेवणार? शिलाई मशीन चांगलं असेल तर आणा.

टीव्हीवर कस्टम्सची वक्रदृष्टी आहे. आम्ही आलो तेव्हा २०१६ चे बॅगेज नियम लागू होते. सलग दोन वर्षं बाहेर राहून कायमचं परतणाऱ्याला ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सखाली ५ लाख रुपयांपर्यंतचं सामान ड्यूटीशिवाय आणता यायचं, पण फ्लॅट टीव्ही त्या सवलतीतून चक्क वगळलेला होता आणि त्यावर ३८.५ टक्के ड्यूटी होती. रकमा बदलत असतात, म्हणून मूव्हरशी बोलण्याआधी सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम्स मंडळाच्या, साइटवर आजचे आकडे पाहा. त्याच नियमांतली एक अट आपल्या लोकांना नडायची: परतण्याआधीच्या दोन वर्षांत भारतातल्या फेऱ्या मिळून सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नसे. आईवडिलांच्या आजारपणात लांब मुक्काम झाले असतील तर पासपोर्टवरचे शिक्के आत्ताच मोजा.

सामान तुमच्या आधी पोचू देऊ नका. पासपोर्टवर भारतात आल्याचा शिक्का असल्याशिवाय क्लिअरिंग एजंट हातावर हात ठेवून बसतो आणि बंदरावर डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा दंड, चढत राहतो. २०१६ च्या नियमांत सामान तुमच्या आगमनाच्या दोन महिने आधीपर्यंत उतरू शकायचं किंवा आगमनानंतर एका महिन्यात तिकडून रवाना करता यायचं. यातला दुसरा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. बिल ऑफ लेडिंगवरचं (जहाज कंपनीच्या माल-पावतीवरचं) नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळू द्या, माहेरचं-सासरचं आडनाव हा घोळ आपल्याकडे ठरलेलाच. पॅकिंग लिस्टमध्ये 'किरकोळ' असं कुठल्याच खोक्यापुढे लिहू नका. खोक्याचा नंबर, आत काय, वापरलेल्या वस्तूची अंदाजे किंमत, एवढं स्पष्ट असलं की तपासणीत उघडाउघडी कमी होते.

आता पैशांचं. तिकडचा मूव्हर जो स्वस्त आकडा सांगतो तो पुष्कळदा फक्त न्हावा शेवापर्यंतचा असतो. बंदरातली हाताळणी, कंटेनर यार्डाचं भाडं, डिलिव्हरी ऑर्डर (जहाज कंपनीचं माल सोडायचं पत्र), एजंटची फी आणि मग बडोद्यापर्यंत चारशेच्या वर किलोमीटरचा ट्रक, हे सगळं इकडे तुमच्या खिशातून जातं. आमच्या ओळखीतल्या एकांना इकडचं बिल तिकडच्या भाड्याच्या जवळपास आलं. 'दारापासून दारापर्यंत' असं लेखी घ्या, आणि दार म्हणजे दांडिया बाजारातलं दार हेही त्यात लिहून घ्या. मोठा ट्रक आत येणार नाही, गावाबाहेर माल उतरवून छोट्या हत्तीतून खेपा कराव्या लागतील, त्याचे पैसे कोणी द्यायचे ते आधीच ठरलेलं बरं. विमाही याच वेळी विचारा. खोकी तुम्ही स्वतः भरलीत तर फुटतुटीची भरपाई बहुधा मिळत नाही, म्हणून काचसामान त्यांच्याकडूनच भरून घ्या.

सोफा विका म्हणते त्याला भाड्याखेरीज आणखी एक कारण आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचे जिने! तिघांचा अमेरिकन सोफा तिथे वळत नाही. शिवाय तिकडचं बरंचसं फर्निचर भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचं, आपल्या पावसाळ्यात कडा फुगतात. शक्य असेल तर सामान दिवाळीनंतर पोचेल असं बघा. जुलै-ऑगस्टमध्ये आलंच तर तळमजल्यावर रचून ठेवू नका. २०१९ आणि २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी किती घरांत शिरलं ते सासरी विचारलंत तर कळेल.

पियानोच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' लिहिलं असेल तर आणा, फक्त पिन बदलावी लागेल. नुसतं १२० असेल तरी पियानो टाकू नका, लेबलवर 'आउटपुट' पुढे लिहिलेत तेवढेच व्होल्ट आणि अँपिअर देणारा इकडचा अडॅप्टर इथे मिळतो, पिनचं प्लस-मायनस तेवढं जुळवून घ्या. मूळ खोकं माळ्यावर असेल तर त्यातच भरा.