देवमाशाचं ‘गाणं’ की ‘हाक’?

प्रश्न असा आलाय की मुलांसाठी देवमाशांच्या आवाजांवरच्या एका लेखाचा अनुवाद चाललाय, त्यात ‘साँग’, ‘कॉल’ आणि ‘क्लिक’ असे तीन शब्द येतात, मराठीत सरसकट ‘गाणं’ म्हटलं तर चालेल का.

माझ्या मते नाही चालणार, कारण ज्यांनी ‘साँग’ म्हटलं त्यांनी ते काव्यात्म वाटावं म्हणून म्हटलेलं नाहीये. रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी 1971 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हम्पबॅक देवमाशांवर पेपर लिहिला, त्यांच्या हाती बर्म्युडाजवळ पाण्याखाली केलेली रेकॉर्डिंग्ज होती, आणि आवाज कागदावर आलेखासारखा उतरवून बघितल्यावर दिसलं की यात ठरलेला क्रम आहे. सुटे सुटे आवाज मिळून एक ओळ, तीच ओळ भजनात घोळवतात तशी परत परत, मग पुढचं कडवं, आणि सगळं संपलं की पुन्हा पहिल्यापासून. एक फेरी दहा-पंधरा मिनिटं, कधी त्याहून बरीच लांब. हे फक्त नर करतात, आणि एका भागातले नर साधारण एकच चाल गातात जी हळूहळू बदलत जाते. त्यामुळे इथे ‘गाणं’ हाच शब्द, दुसरा शोधत बसू नका, आणि ‘ओळ’, ‘कडवं’ पण बिनधास्त वापरा.

‘कॉल’ वेगळा. निळ्या देवमाशाचंच घ्या, त्याचं गाणं आहेच (आपल्याकडे लक्षद्वीपजवळ दिव्या पणिक्कर आणि कॅथलीन स्टॅफर्ड यांनी हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, लावून ते टिपलंय, पेपर 2021 चा), पण त्याशिवाय तो एक छोटा, वरून खाली उतरत जाणारा आवाज काढतो ज्याला अभ्यासक ‘डी कॉल’ म्हणतात. हा नर-मादी दोघंही काढतात आणि बऱ्याचदा खाताना ऐकू येतो. स्क्रीनवर त्याचा आलेख बघितला तर डावीकडून उजवीकडे घसरणारी एक तिरकी रेघ, बस, पुढे क्रम-बिम काही नाही. याला ‘हाक’ म्हणा. ‘साद’ पण छान आहे पण साद म्हटलं की प्रतिसाद आलाच, आणि प्रत्येक आवाजाला कोणी ओ देतंय असं लेखात म्हटलेलं नसेल तर उगाच कशाला. ‘हंबरडा’ मात्र प्लीज नको, बिचारा जेवतोय.

म्हणजे तुमचं ‘फीडिंग कॉल्स वेअर रेकॉर्डेड’ हे मी ‘खाताना देवमासे देत असलेल्या हाका टिपल्या’ असं करेन. हायड्रोफोनला ‘जलध्वनिग्राहक’ वगैरे करू नका, एकदा ‘पाण्यातला माइक’ सांगा आणि पुढे हायड्रोफोनच ठेवा.

राहिला ‘क्लिक’. स्पर्म व्हेल हा देवमासा गातबित नाही, तो टकटक करतो, खोल अंधारात माकूळ शोधायला एकसारखी टकटक आणि आपसात मोजक्या ठोक्यांचे नमुने. कॅरिबियनमधल्या एका टोळीचा नमुना तर तोंडाने म्हणता येतो: टक… टक… टकटकटक. इंग्रजीत याला ‘कोडा’ म्हणतात, मी ‘ठेका’ म्हणेन. फक्त घाईत ‘टकटकी’ लिहू नका, नाहीतर तो कुणाकडे तरी एकटक बघत बसलाय असं होईल.