बाबांबद्दल काय बोलू? आणि त्यांच्या हत्यारांचं, कुत्र्यांचं काय करू?

प्रश्न: बाबा गेले. आयुष्यभर सुतारकाम केलं, कोरीव काम तर फारच सुंदर करायचे. मी गेली कित्येक वर्षं परदेशात आहे, त्यामुळे माझ्या मुलांना आजोबा माहीत आहेत ते बहुतेक व्हिडिओ कॉलवरूनच. पुढच्या आठवड्यात ऑनलाइन स्मरणसभा आहे. ‘कष्टाळू, कलावंत, प्राण्यांवर जीव लावणारे’ एवढं लिहून मी अडकले आहे. भाऊ लवकरच कामाची खोली रिकामी करणार आहे. शिवाय बाबांची दोन कुत्री आहेत, त्यातलं एक खूप म्हातारं. मी इथून काय करू शकते?

उत्तर: आधी कुत्र्यांचं बघू, कारण भाषण आठवडाभर थांबेल, ती थांबू शकत नाहीत. खाण्याच्या आणि फिरण्याच्या वेळा बाबांच्या होत्या त्याच ठेवायला सांगा. झोपायची जागा बदलू नका. बाबांचा एखादा न धुतलेला सदरा त्यांच्या अंथरुणात राहू द्या, ओळखीचा वास त्यांना आधार देतो. माणूस गेल्यावर कुत्र्यानं एखाद्या वेळी कमी खाल्लं तर समजू शकतं, पण दोन दिवस अन्नाला तोंडच लावलं नाही तर पशुवैद्याला दाखवायलाच हवं. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तर वाटही पाहू नका.

त्यांना तुमच्याकडे आणायचा विचार मनात येईलच. कागदपत्रांना वेळ लागतो, हे आधीच माहीत असू द्या. भारतातून युरोपीय संघात कुत्रं न्यायचं तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची चाचणी आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबणं, असा क्रम आहे. अमेरिकेनेही १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले आहेत. धाकट्या कुत्र्यासाठी हा खटाटोप करता येईल. म्हाताऱ्याला विमानाच्या पोटात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाबांच्या हाताखाली काम करणारं कुणी असेल, तर कुत्री त्या माणसाला ओळखत असतील. त्याला विचारा, आणि त्याने हो म्हटलं तर खाण्याचा आणि औषधपाण्याचा खर्च तुम्ही उचला. इतक्या दूर राहून बाबांसाठी करता येण्याजोगी ही खरीखुरी गोष्ट आहे.

आता ती खोली. भावाला आजच फोन करा आणि सांगा, फोटो काढून होईपर्यंत काहीही हलवायचं नाही, झाडायचंसुद्धा नाही. याला एकच अपवाद. अळशीचं तेल किंवा बेलतेल (उकळलेलं अळशीचं तेल) पुसलेल्या चिंध्या कोपऱ्यात बोळा करून पडल्या असतील तर त्या लगेच काढाव्यात. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा करून ठेवलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवायच्या.

फोटो कसे काढायचे तेही सांगा. आधी दारातून सगळी खोली, मग एकेक भिंत, मग बाक. कोणतं हत्यार हाताशी होतं आणि कोणतं वर टांगलेलं, यावरून माणूस कसं काम करायचा ते कळतं. मग जवळून. हत्याराच्या मुठीवर बाजूने तिरका उजेड पाडला की अंगठा कुठे टेकायचा तो खोलगट भाग दिसतो. पटाश्या एका ओळीत मांडून पाहा. काहींची पाती इतरांपेक्षा आखूड दिसतील. पटाशीला धार लावताना दरवेळी थोडं पोलाद झिजतं, त्यामुळे आखूड झालेली पटाशी म्हणजे त्यांची सगळ्यात जास्त वापरातली पटाशी. ‘कष्टाळू’ या शब्दात जे मावत नाही ते त्या पात्याच्या लांबीत आहे. मुलांना हा फोटो नक्की दाखवा.

घरातलं बाबांनी केलेलं सामानही उलटं करून बघायला सांगा. खण पूर्ण बाहेर काढायचा, टेबल आडवं करायचं. कोणता पाय कुठे बसतो हे चुकू नये म्हणून सुतार सांध्यांवर पेन्सिलीने आकडे किंवा खुणा करतो आणि त्या सहसा न दिसणाऱ्या बाजूला तशाच राहून जातात. तिथे बाबांचं अक्षर सापडेल. कोरीव कामाचं म्हणाल तर मागची बाजू, कोपरे, पानाच्या देठाखालची खाच अशा जागा बघा. जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथेही काम नीट केलेलं असेल, तर बाबा कलावंत होते हे वेगळं सांगावं लागणार नाही.

हत्यारांना पॉलिश पेपर लावून चकाचक करू नका. पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवला की गंज अडतो, तेवढं पुरे. मुठी धुवायच्या नाहीत, त्यावरची झिलई बाबांच्या हाताची आहे.

भाषणासाठी तीन माणसांना फोन करा: त्यांच्यासोबत काम केलेला एक, त्यांच्याकडून काही करून घेतलेला एक, आणि आई. ‘बाबा कसे होते?’ असं विचारलंत तर ‘फार चांगले’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी असं विचारा: चुकीचं माप कापलं गेलं तर काय करायचे? काम करताना गुणगुणायचे का? कुत्रं भुश्यात येऊन बसलं तर उठवायचे की बाजूने काम करायचे? पैसे राहिले असतील तर मागायचे कसे? समोरच्याची हरकत नसेल तर हे बोलणं रेकॉर्ड करा. आवाज, हेल, मधलं हसणं, लिहून घेताना हे सगळं निसटतं.

मग त्यातला एकच प्रसंग निवडा आणि तो सावकाश सांगा. तीन-चार मिनिटं पुष्कळ होतात, ऑनलाइन सभेत तर नक्कीच. विशेषणं शेवटपर्यंत आली नाहीत तरी चालेल. आईशी बोलताना कदाचित असंही निघेल की बाबा कामात इतके बुडालेले असायचे की घरच्यांच्या वाट्याला कमी आले. तसं असेल तर एका वाक्यात मायेने सांगा. कष्टाची किंमत घरानेही मोजलेली असते. ती सभेत बोलली गेली, तर आईला आपलंही कुणी पाहिलं असं वाटेल.

तुमच्याकडे काय आणायचं? मुलांसाठी एक वापरातलं हत्यार आणि एक छोटी कोरीव वस्तू, याहून जास्त मी आणणार नाही. पटाशी, करवत, रंधा हे केबिन सामानात चालत नाही. धार नीट गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत ठेवा. वस्तू शिसवीची असेल तर एक नियम माहीत हवा. शिसवाचा सगळा वंश २०१७ पासून साइटीस या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. तयार वस्तूंना, त्यातलं शिसव १० किलोपर्यंत असेल तर, सूट आहे, पण पेटीभर लाकडाच्या फळ्या पाठवू नका. वस्तूत हस्तिदंत जडवलेलं असेल तर ती घरीच राहू द्या. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जात असाल तर लाकडी वस्तू विमानतळावर जाहीर करावीच लागते. त्यात किड्यांची भोकं किंवा साल राहिलेली नाही ना, ते निघण्यापूर्वी बघा.

बाकावर अर्धवट राहिलेलं काम असेलच. ते लगेच कुणाकडून पूर्ण करून घेण्याची घाई नको. बाबांसोबतच्या कारागिराला ते दाखवा आणि पुढचा टप्पा काय होता एवढं विचारून लिहून ठेवा. पूर्ण करायचं, तसंच ठेवायचं की शिकणाऱ्या एखाद्या मुलाला द्यायचं, हे भाऊ, आई आणि तुम्ही एकत्र असाल तेव्हा ठरवा.