इंग्रजीतले सारखे वाटणारे शब्द मुलीच्या कायमचे लक्षात कसे राहतील?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरावीत आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आणि बॉरो-लेंड, अफेक्ट-इफेक्ट, लूज, कॉम्प्लिमेंट असल्या जोड्यांत अडकते. क्लासचे सर तिला म्हणतात, 'डोक्यातलं मराठी बंद कर, इंग्रजीत विचार कर.' या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलोय. हेच वाक्य मी 1986 साली ऐकलं होतं. ते तेव्हाही चूक होतं.

मी एका बँकेच्या तालुक्याच्या शाखेत कारकून होतो. शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत, इंग्रजी पाचवीपासून. (पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली.) तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात दुभत्या म्हशींसाठी कर्जवाटप जोरात चाललं होतं आणि त्याचा अहवाल वरच्या ऑफिसला इंग्रजीत जायचा. मसुदा मी केला. शाखेने शेतकऱ्यांना कर्ज दिलं, एवढंच सांगायचं होतं. 'लेंट'च्या जागी मी 'बॉरोड' लिहिलं.

मॅनेजरसाहेब तो कागद घेऊन काउंटरपाशी आले. समोर कर्जाच्या कागदांसाठी आलेली दहाबारा माणसं उभी होती. साहेबांनी वाक्य मोठ्यानं वाचलं आणि त्यांनाच विचारलं, "काय हो, बँकेनं तुमच्याकडून पैसे उसने घेतलेत का?" माणसं बिचारी गोंधळून हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डोक्यात मराठी असलं की असंच होतं. इंग्रजीत विचार करायला शिका." मी कागद घेतला आणि जागेवर जाऊन बसलो. त्या दिवशी डबा उघडला नाही.

पण रात्री विचार केला, की चूक झाली कशी? मराठीत 'उसने' हा शब्द दोन्हीकडे चालतो. उसने घेतले, उसने दिले. 'कर्ज'ही तसंच. पैसा कुठून कुठे गेला, हे मागचं क्रियापद सांगतं. मी 'कर्ज'ला इंग्रजी शब्द शोधला आणि 'दिलं' वाटेतच सांडलं. मराठी डोक्यात होतं म्हणून चुकलो नाही, अर्धंच मराठी घेतलं म्हणून चुकलो. 'उसने घेणे' हा अख्खा तुकडा उचलला की बॉरो, 'उसने देणे' उचलला की लेंड. पुन्हा कधी चूक झाली नाही.

तेव्हापासून मी शंभर पानी वही ठेवली. डावीकडे इंग्रजी जोडी, उजवीकडे पूर्ण मराठी तुकडे. तुमच्या मुलीनं एवढंच करावं.

अफेक्ट-इफेक्टचं दुखणं तेच आहे. मराठीत दोन्हीकडे 'परिणाम' येतो. नुसता 'परिणाम' असेल तर इफेक्ट, ई-वाला. 'परिणाम होणे' किंवा 'परिणाम करणे' हा सगळा तुकडा असेल तर अफेक्ट, ए-वाला. आणखी एक खूण सांगतो: मराठीत '-ग्रस्त' आलं की अफेक्टेड. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त. आणि औषधाचा दुष्परिणाम म्हणजे साइड इफेक्ट. हे तिला आधीच येतं, फक्त शेजारी ठेवायचंय.

लूजमध्ये आपल्या बोलण्यानंच घोळ केलाय. नट लूज झाला, लूज कनेक्शन, लूज मोशन, असं आपण झेड लावून म्हणतो. इंग्रजीत 'ढिला' या अर्थाचा उच्चार 'लूस' आहे, त्याला दोन ओ. झेडचा उच्चार 'गमावणे, हरणे' याचा, आणि त्याला एकच ओ. तिला दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणायला लावा.

आता साहेबांचं राहिलं. आमचं कर्जमंजुरीचं पत्र सायक्लोस्टाइल केलेलं होतं. त्यात मुद्दल या अर्थी 'प्रिन्सिपल' होतं आणि त्याच्या शेवटी होतं 'एलई'. एलई-वाला प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व. मुद्दल आणि मुख्याध्यापक हे दोघे 'एएल'वाले. म्हणजे व्याजासकट तत्त्व फेडा, असं आम्ही शेकडो लोकांना लिहून देत होतो, खाली साहेबांची सही. मी एकट्यात, हळू आवाजात सांगितलं. ते म्हणाले, "अर्थ कळतोय ना? टायपिस्टची चूक असेल." पत्र तसंच जात राहिलं. माझी चूक मराठीच्या नावावर आणि त्यांची टायपिस्टच्या, हे मला आजही पटलेलं नाही. मुद्दल आणि तत्त्व यांत कुठल्याही मराठी माणसाचा कधी गोंधळ होत नाही. साहेबांनी त्या शब्दाशेजारी क्षणभर मराठी ठेवलं असतं तर ती सहीही चुकली नसती.

म्हणून सांगतो, क्लासच्या सरांना विचारा की ते 'मराठी बंद' म्हणजे नक्की काय बंद करायला सांगतात. उत्तर देता आलं नाही तर क्लास बदला.

एकदोन गोष्टी राहिल्या. इफेक्ट कधी कधी क्रियापदही असतं, तेव्हा अर्थ 'घडवून आणणे'. परीक्षेत क्वचित येतं. स्टेशनरीच्या जोडीत मराठी फारसं कामाला येत नाही, कारण दोन्ही शब्दांचं मूळ एकच. फिरत्या विक्रेत्यांसारखं न भटकता एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकणारे ते स्टेशनर. तिथं पाठ करा: कागद-पेनाचा ई, स्थिर उभ्या गाडीचा ए. ॲडव्हाइस, प्रॅक्टिस, लायसन्स यांत नामाला सी आणि क्रियापदाला एस. पण शेवटच्या दोघांत अमेरिकन स्पेलिंग वेगळं असतं, तेव्हा तिनं पाठ्यपुस्तकातलंच धरावं. आणि हे सगळं लिहिण्यापुरतं. बोलताना ती वही आठवत बसली तर वाक्य पुरं होणार नाही, बोलताना चुकू दे तिला.