व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स व पॉवर कशी काढायची? व्होल्टेज पडलं की करंटही कमी होतो का?

तुमचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो. त्याचा रेझिस्टन्स, पॉवर आणि बिल हवंय. शेवटी विचारलंय, "गावी व्होल्टेज १८० वर येतं तेव्हा हीटर असो की मोटर, करंट त्याच प्रमाणात कमी होणार ना?" त्या "की मोटर"साठी लिहायला बसलो. नाहीतर भागाकार तुम्हालाही येतो.

हीटरचं उरकून टाकू. २३० भागिले ८.७, साधारण २६.४ ओहम. २३० गुणिले ८.७, म्हणजे २००० वॅट. १८० व्होल्टवर ओहम तेवढेच राहतात, करंट ६.८ वर येतो आणि पॉवर १२२५ वॅटच्या आसपास. व्होल्टेज बावीस टक्के पडलं, पण पॉवर जवळपास चाळीस टक्के गेली, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने पडते. पाणी कोमटच का राहतं ते कळलं असेल.

आता मोटर.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. विहिरीवर पाच एचपीची थ्री फेज मोटर, माझ्या आणि बहिणीच्या शेताला मिळून. मी आयटीआय वायरमन. दाजी हायस्कूलला विज्ञान शिकवतात, त्यामुळे आमच्यात कुणाचं चालणार हे लग्नातच ठरलेलं. २०१६ च्या जानेवारीत रात्रीची लाईट होती. अशा वेळी लाईट आली की डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि व्होल्टेज झोपतं. फेजला १८०, म्हणजे दोन फेजमध्ये ३१२. स्टार्टर दर दहा मिनिटांनी ट्रिप. कांदा पाण्याला आलेला आणि दाजी वैतागलेले.

मी टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा, लावला. एरवी साडेसात अँपिअर घेणारी मोटर दहाला टेकली होती. म्हटलं, "दाजी, आज राहू द्या, वाइंडिंग तापतंय." दाजींनी बॅटरीच्या उजेडात हिशेब मांडला. व्ही भागिले आर. व्होल्टेज ४१५ चं ३१२ झालं, तर करंट साडेसातचा साडेपाच व्हायला हवा. "तुझा मीटर बिघडलाय. आणि हा रिले पण." रिले म्हणजे करंट जास्त झाला की स्टार्टर ट्रिप करणारा भाग. असं म्हणून दाजींनी त्याचा काटा शेवटच्या आकड्यावर फिरवला.

पहाटे मोटर नुसती घुमत होती आणि स्टार्टरचा वास घरापर्यंत आला होता. चेन पुली लावून मोटर वर काढली, तर वाइंडिंग काळं ठिक्कर. रिवाइंडिंगचे साडेसहा हजार गेले. त्यावरही दाजी म्हणाले, "मोटर जुनीच होती."

ओहमने १८२७ साली जे मांडलं ते तारेबद्दल. आमच्या मोटरचा दोन फेजमधला रेझिस्टन्स मल्टीमीटरवर चार ओहम येतो. दाजींच्या सूत्राने तिने शंभर अँपिअर खायला हवेत! खात नाही, कारण फिरणारी मोटर आतून विरोधी व्होल्टेज तयार करते. आणि पंपाला पाणी उचलायचंच असतं, तुमचं व्होल्टेज किती हे विहिरीला माहीत नसतं. काम तेवढंच आणि व्होल्टेज कमी, म्हणजे करंट वाढणार. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, साडेसातचे दहा झाले की पावणेदोन पट. चालू मोटरला व्ही भागिले आर लावणाऱ्याने रिलेला हात लावू नये. विज्ञान शिकवत असला तरी.

तिची पॉवरसुद्धा नुसत्या व्होल्ट गुणिले अँपिअरने येत नाही. थ्री फेजला १.७३२ गुणिले ४१५ गुणिले ७.५ गुणिले पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरमधला खरा कामाला लागणारा हिस्सा), तो ०.८२ धरा, म्हणजे ४४०० वॅटच्या वर. पाच एचपीचे ३७३० वॅट शाफ्टवर मिळतात, मधले आत उष्णतेत जातात. यावरूनही आमचं एकदा वाजलं होतं, ते जाऊ द्या.

हां, आता थोडं मागे येतो. व्होल्टेज पडलं की मोटर किंचित हळू फिरते, पंपाचा भार थोडा उतरतो, त्यामुळे करंट अगदी माझ्या हिशेबानेच वाढेल असं नाही. फारच पडलं तर मोटर सुरूच होत नाही, आणि अडकलेल्या मोटरला मात्र दाजींचा नियम बराचसा लागू पडतो. पिवळ्या बल्बलाही नुसता मल्टीमीटर लावून फसू नका. १०० वॅटचा बल्ब थंड असताना चाळीसेक ओहम दाखवतो, पेटल्यावर ५२९. हीटरच्या कॉइलमध्ये एवढा फरक नसतो. आणि करंट मोजायला मल्टीमीटरच्या पिना सॉकेटमध्ये घालू नका, टाँग टेस्टर घ्या.

बिलाचं राहिलं. हीटर पूर्ण व्होल्टेजवर तासभर चालला की दोन युनिट, तुमच्या दराने गुणा. व्होल्टेज कमी असलं की बिल कमी येतं असं दाजी अजून म्हणतात. तेवढंच पाणी तेवढंच तापवायचं तर १८० व्होल्टवर तासाच्या जागी एक तास अडतीस मिनिटं लागतात. युनिट तेच दोन, आणि त्या जादा वेळात पाणी निवतं ते वेगळं.