पहिल्या भेटीत पैसे मागूच नका

संस्थेसाठी देणगीदाराला पहिल्यांदा भेटायला जाताना पोटात गोळा येतो ना? मलाही यायचा. पहिल्या देणगीदारासमोर मी माहितीपत्रक उलटं धरून अख्खं भाषण म्हणून दाखवलं होतं. ते बिचारे मान डोलावत राहिले. एक सांगते, पहिल्या भेटीत रकमेचा विषय काढायचाच नाही, आणि हे फोनवर वेळ ठरवतानाच सांगून टाकायचं. निम्मी धडधड तिथेच थांबते. मग आपल्या संस्थेच्या कामाबद्दल विचारायचं, 'या विषयाशी तुमचा संबंध कसा आला?' आणि गप्प बसायचं. ती शांतता खायला उठते, तरी मध्ये बोलू नका. हिशेबाचं काही विचारलं आणि माहीत नसेल, तर 'बघून उद्या कळवतो' म्हणा आणि खरंच उद्या कळवा. आभाराचा मेसेज मात्र त्याच संध्याकाळी.