पाचव्या सीडच्या टीमचं चॅम्पियनशिप तिकीट आत्ताच घेऊ का? नका घेऊ, कारण सांगतो (मोठं उत्तर आहे)

तुमची पोस्ट वाचली आणि २०२२ चा जानेवारी डोळ्यासमोर आला. तुमची एनएफएलची (अमेरिकन फुटबॉल) टीम प्लेऑफमध्ये पाचव्या सीडवर (म्हणजे आपल्या कॉन्फरन्सच्या, लीगच्या अर्ध्या गटाच्या, क्रमवारीत पाचवी), बाबा नाशिकहून आलेत आणि मार्चमध्ये परत जाणार, आणि एका रीसेल साइटवर कॉन्फरन्स चॅम्पियनशिपची तिकिटं आत्ताच बरी मिळतायत तर घेऊन टाकू का, असं विचारलंय तुम्ही. थोडक्यात, प्रत्येक कॉन्फरन्समधून सात टीम, पहिले चार सीड डिव्हिजन विजेते, पहिल्याला पहिल्या राउंडला सुट्टी. राउंड तीन, वाइल्ड कार्ड, डिव्हिजनल आणि मग कॉन्फरन्स चॅम्पियनशिप, आणि दोघांत वरचा सीड असेल तो घरी खेळतो.

तुम्ही टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मॅच तुमच्याच शहरात दाखवली आहे. पाचव्या सीडला ती मॅच घरी मिळायची तर समोर सहावा किंवा सातवा सीडच यायला हवा, म्हणजे वरचे चारही डिव्हिजन विजेते तोपर्यंत घरी बसलेले हवेत. होणारच नाही असं नाही, पण त्यावर पैसे लावायचे तर तो जुगार झाला. आणि इथे ड्रॉ आधीपासून ठरलेला नसतो, वाइल्ड कार्ड राउंड संपला की उरलेल्यांतला सगळ्यात खालचा सीड पहिल्या सीडच्या घरी जातो आणि बाकीचे दोघं एकमेकांशी. म्हणून चॅम्पियनशिपचं शहर अनेकदा डिव्हिजनल राउंडच्या मॅच संपेपर्यंत देवालाही माहीत नसतं.

आम्ही सिनसिनाटीचे, त्यामुळे बेंगल्सचंच उदाहरण देतो. २०१९ मध्ये २-१४, २०२० मध्ये आमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) बरो, त्याचा गुडघा गेला आणि आम्ही चार मॅच जिंकलो. २०२१ ला चेस (पास झेलणारा रिसीव्हर) आला, आणि कुणालाच अपेक्षा नसताना १०-७ करून डिव्हिजन जिंकली. त्यातली २ जानेवारीची मॅच बघा, कॅन्सस सिटी चीफ्सना आम्ही ३४-३१ ने हरवलं, चेसचे एकट्याचे २६६ यार्ड. त्या पराभवाने चीफ्सचा पहिला सीड गेला आणि तो टेनेसीला मिळाला. म्हणजे आमच्याच विजयाने आमचा पुढचा रस्ता बदलला. रेडर्सना घरी २६-१९ ने हरवलं (प्लेऑफमधला ३१ वर्षांतला पहिला विजय, शेजारचे म्हातारे काका अक्षरशः रडत होते) आणि उरलेल्या चारांत चौथा सीड म्हणजे आम्हीच सगळ्यात खाली, म्हणून पहिल्या सीडकडे, टेनेसीच्या घरी नॅशव्हिलला. बरोला नऊ वेळा सॅक केलं (बॉल फेकायच्या आत पाडलं) तरी १९-१६, शेवटची किक मॅकफर्सनची, ५२ यार्डांची.

आता खरी गंमत. ही मॅच शनिवारी झाली. चीफ्स आणि बफेलोच्या बिल्सची रविवारी संध्याकाळी. चीफ्स दुसरा सीड, बिल्स तिसरा, आम्ही चौथा, त्यामुळे घरची मॅच आम्हाला मिळणारच नव्हती, पण जायचं कॅन्सस सिटीला की बफेलोला ते रविवारी रात्रीपर्यंत ठरेना. एक पश्चिमेला नऊ तासांवर, दुसरं ईशान्येला सात तासांवर. ती मॅच आठवत असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत २५ पॉइंट झाले, बिल्स पुढे असताना १३ सेकंद उरले होते, तेवढ्यात चीफ्सनी बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये ४२-३६. (बिल्सला ओव्हरटाइममध्ये बॉलच मिळाला नाही, त्यानंतर त्या मार्चमध्ये प्लेऑफचा नियम बदलला. आधीच बदलायला हवा होता, पण ते जाऊ दे.)

आम्ही मित्रांनी त्याच रात्री, शहर नक्की झाल्यावर, तिकिटं घेतली. नाव घेत नाही, पण मोठी रीसेल साइट, गॅरंटीचा शिक्का वगैरे सगळं. सेक्शन दिलेला, रांग मात्र नाही, आणि खाली बारीक अक्षरात, तिकिटं मॅचच्या दिवशी मिळतील. त्याचा अर्थ नंतर कळला. विकणाऱ्याकडे तिकीट नसतंच! तो भाव उतरायची वाट बघतो, उतरला तर घेऊन तुम्हाला देतो, नाही उतरला तर हात वर करतो. मॅचच्या सकाळी आम्ही तिथे पोचलेलो, आणि मेल आला की विक्रेता ऑर्डर पूर्ण करू शकत नाही. चॅटवर एक जण, मग दुसरी, मग पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी सांगा, प्रत्येकाचं एकच की तशाच सीट शोधतोय, फोन जवळ ठेवा. किकऑफ झाला तरी शोधतच होते. मग म्हणाले पैसे परत, पण साइटवरच्या क्रेडिटमध्ये, जास्त हवं तर दहा टक्के वर. अरे, त्या क्रेडिटचं करू काय, लोणचं घालू?

आणि ती मॅच कुठली चुकली तर २१-३ ने मागे पडून २७-२४ जिंकलेली. स्टेडियमपासून थोड्या अंतरावरच्या एका विंग्जच्या हॉटेलात, लाल जर्सींच्या गर्दीत उभं राहून बघितली. हाफटाइमच्या आधी चीफ्स गोललाइनपासून एक यार्डावर होते, तिथे आमच्या एलाय ॲपलने त्यांच्या टायरिक हिलला अडवलं आणि त्यांना शून्य मिळालं, मॅच तिथे फिरली असं माझं ठाम मत आहे, लोक ओव्हरटाइममधलं आमच्या व्हॉन बेलचं इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास मध्येच पकडणं) सांगतात ते सांगोत बापडे.

तर आता तुमच्यासाठी. (मी वकील नाही, आणि रीसेलचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, तेव्हा स्वतः वाचून घ्या.) सेक्शन, रांग दोन्ही दिसत असेल आणि तिकीट लगेच मोबाइलवर ट्रान्सफर होत असेल तरच घ्या. पैसे क्रेडिट कार्डानेच द्या, डेबिट किंवा झेल (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) अजिबात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फसलात तर 'क्रेडिट स्वीकारा' हे बटण दाबू नका. आमच्यातल्या एकाने वैतागून दाबलं, त्याचे पैसे साइटवरच अडकले. आम्ही बाकीच्यांनी चॅटचे स्क्रीनशॉट लावून बँकेकडे डिस्प्यूट (व्यवहाराविरुद्ध तक्रार) टाकला, वेळ लागला पण सगळे परत आले. दुसऱ्या टीमच्या साइटवरून घेणार असाल तर बिलिंग पत्त्याचीही अट बघा, सिएटलने २०१४ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को नाइनर्सविरुद्धच्या चॅम्पियनशिपला ठरावीक राज्यांबाहेरच्या कार्डांना तिकिटंच विकली नव्हती.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर बाबांना चॅम्पियनशिपला नेऊच नका. पाचव्या सीडचा रस्ता बहुतेक सगळा बाहेरगावचा असतो, २००७ च्या सीझनमध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी टॅम्पा, डॅलस, ग्रीन बे असा तो काढला आणि फायनलमध्ये १८-० वाल्या पेट्रियट्सना १७-१४ ने हरवलं, पण ते चाहत्यांनी टीव्हीवर बघण्यातच शहाणपण. त्यापेक्षा वाइल्ड कार्डची मॅच जवळच्या शहरात आली तर तीच बघा, गर्दीचा आवाज तोच, तिकीट मात्र बरंच स्वस्त. सुपर बोलचं (म्हणजे फायनलचं) तर नावच काढू नका.

उत्तरेकडे जावं लागलं तर थंडी हलक्यात घेऊ नका, २०२४ च्या जानेवारीत कॅन्सस सिटीत डॉल्फिन्सविरुद्धची मॅच उणे २० सेल्सिअसच्या आसपास झाली होती. बाबांच्या पायाखाली पुठ्ठा ठेवा, काँक्रीटमधून गारठा वर येतो, आणि नाशिकची थंडी पाहिली आहे म्हणून मोजे एकच जोडी चालतील असं ते म्हणतील, ऐकू नका. औषधं पारदर्शक पिशवीतच न्या, साधी बॅग गेटवर अडवतात.

डिव्हिजनलच्या रविवारी रात्री शहर कळलं की इथेच लिहा. इंडियानापोलिस, नॅशव्हिल किंवा कॅन्सस सिटी असेल तर पार्किंग कुठे करायचं आणि कुठे नाही ते सांगतो.