कारखान्याचं इथेनॉल ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये थोडं मिसळलं तर चालेल का? (कोल्हापूर)

नाही, साध्या ट्रॅक्टरच्या टाकीत ते घालू नका, अगदी पाच-दहा टक्केसुद्धा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटावं लागतं. हा गुण सीटेन अंकाने मोजतात. आपल्या पंपावरच्या डिझेलचा तो किमान 51 असतो, इथेनॉलचा जेमतेम 8 च्या आसपास. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. गगनबावड्याकडच्या पावसाळी हवेत टाकीत थोडा जरी ओलावा शिरला, तरी मिश्रण फुटतं आणि खाली पाणी-इथेनॉलचा थर बसतो. पंपाला आणि नोझलला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच, त्यामुळे पहिला खर्च तिथे निघतो. (पंप-नोझल दुरुस्तीवाल्याला विचारा, तो हेच सांगेल.) आगीचा धोका वेगळाच: इथेनॉलची वाफ साधारण 13 अंशालाच पेट घेऊ शकते, म्हणजे कोल्हापुरात बारा महिने.

स्वस्त पडेल हा हिशोबही कच्चा आहे, कारण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा डिझेलच्या साधारण साठ टक्केच.

अपवाद आहे. स्वीडनच्या स्कॅनियाने 95 टक्के इथेनॉलवर चालणाऱ्या बस बनवल्या, त्यातल्या काही नागपुरातही धावल्या. पण त्या इंजिनात हवा दाबण्याचं प्रमाण (कॉम्प्रेशन रेशो) 28:1 आहे आणि इंधनात पेट घेण्यासाठी खास रसायन असतं. पंपावरचं ई20 हे पेट्रोलचं मिश्रण आहे, त्याचा इथे संबंध नाही.